डिझेल ट्रकचं इंजिन बांधताना पिस्टन रिंगचा गॅप कसा लावायचा

माझ्या टूल बॉक्सच्या तळाशी एका डबीत रिंगेचे चार तुकडे जपून ठेवले आहेत. त्यातल्या दोन तुकड्यांची टोकं आरशासारखी चकाकतात. नवीन पोरगं कामाला आलं की आधी हे तुकडे मी त्याच्या हातावर ठेवतो. रिंगेची दोन टोकं गरम होऊन एकमेकांना भिडली, जागा नाही म्हणून एकमेकांवर घासत राहिली, म्हणून ती अशी घोटली गेली. पुढे रिंग तुटली, तिने लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) फाडला आणि पिस्टन जाम झाला.

ती गाडी माझीच होती. हिंगणघाटच्या जिनिंगमधून गाठी भरून मी पांढरकवड्याकडे निघालो होतो. इंजिन नुकतंच एका गॅरेजात हाफ केलं होतं, म्हणजे अर्धं खोलून बांधलं होतं, हजारभर किलोमीटरही झाले नव्हते. चढाला गाडीने आवाज बदलला, पांढरा-निळा धूर सोडला आणि इंजिन आवळून बंद पडलं. खोलल्यावर कळलं की तिसऱ्या सिलिंडरची टॉप रिंग बसवताना तुटली होती. तिच्या जागी दुसऱ्या डबीतली ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाची रिंग कानशीने अंदाजाने घासून बसवली होती. फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) कोणी लावलाच नव्हता. कापसाच्या ऐन हंगामात गाडी दीड महिना उभी राहिली आणि हप्ता मात्र थांबला नाही.

त्यानंतर इंजिन एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली बसून मी स्वतः बांधलं. आता गावात माझं छोटं गॅरेज आहे. त्या वेळी मला जे कोणी सांगितलं नाही, ते इथे क्रमाने लिहितो.

गॅप कशासाठी असतो

रिंग म्हणजे पिस्टनभोवती बसणारं, एका ठिकाणी कापलेलं कडं. बोरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीत) बसली की तिच्या दोन टोकांत जी फट उरते, तो गॅप. इंजिन चालू असताना रिंग लायनरपेक्षा जास्त तापते आणि लांबीने वाढते, त्या वाढीसाठी ही जागा ठेवलेली असते.

आकड्यात बघा. टाटा ६९७ इंजिनाचा बोर ९७ मिमी, म्हणजे रिंगेचा घेर साधारण ३०५ मिमी. ओतीव लोखंड १०० अंशांनी तापलं की मीटरमागे साधारण १.१ मिमी वाढतं. रिंग लायनरपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर तिचा घेर लायनरच्या घेरापेक्षा जवळपास ०.३३ मिमी जास्त वाढेल. गॅप ०.२० ठेवला असेल तर टोकं भिडणारच.

आपल्याकडे मिस्त्री लोक अजून थाऊतच बोलतात, म्हणून हेही लक्षात ठेवा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. १२ थाऊ म्हणजे साधारण ०.३० मिमी, १६ थाऊ म्हणजे ०.४० आणि २० थाऊ म्हणजे ०.५०. अर्ध्या चुका इथेच होतात, कारण मॅन्युअल मिमीत बोलतं आणि मिस्त्री थाऊत.

माझं मत सरळ आहे. गॅप दोन-तीन थाऊ जास्त झाला तर इंजिन थोडं बॅक कॉम्प्रेशन देईल (रिंगांवरून गॅस खाली निसटेल), तेल थोडं जास्त खाईल. तोच दोन-तीन थाऊ कमी पडला तर लायनर, पिस्टन, कधी ब्लॉकसुद्धा जाईल. शंका आली तर मॅन्युअलच्या हद्दीत राहून वरच्या आकड्याकडे झुका.

१. आधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रं:
- तुमच्या इंजिनाच्या नेमक्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल किंवा त्यातलं रिंग-पिस्टन-लायनरचं पान. फोटो काढून छापून घ्या, फोनवर तेलाच्या हाताने बघणं होत नाही.
- ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि प्लेटवरचं मॉडेल.
- रिंग, पिस्टन, लायनर यांची पक्की बिलं आणि डब्या. डबीवरचा पार्ट नंबर आणि साइज काम संपेपर्यंत फेकायची नाही.
- आधी कधी बोर झालं असेल तर त्या लेथवाल्याची चिठ्ठी.
- ब्लॉकच बदलायचा असेल तर इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसीवर चढवावा लागतो. त्यासाठी आधी आरटीओत चौकशी करा, गाडी बांधून झाल्यावर नाही.

हत्यारं: फिलर गेजचा संच, ज्यात ०.०५ पासून पुढची पाती असतील. बारीक दाताची सपाट कानस किंवा रिंग घासायचं हाताचं मशीन. ऑइल स्टोन. रिंग एक्स्पांडर, रिंग कॉम्प्रेसर, टॉर्क पाना, व्हर्निअर. जमल्यास डायल बोअर गेज. नसला तर तालुक्याच्या लेथवाल्याकडून बोर मापून घ्या, पैसे देऊन घ्या पण घ्या. आणखी लागेल धुतलेलं पांढरं सुती कापड, वायरला लावलेला छोटा बल्ब आणि एक वही.

वही मी मुद्दाम लिहिली आहे. सहा सिलिंडर, प्रत्येकी तीन रिंगा, म्हणजे अठरा आकडे. ते डोक्यात राहत नाहीत.

फिलर गेज जुना असेल तर पाती मायक्रोमीटरखाली तपासा. घासलेलं किंवा वाकलेलं पातं खोटं माप देतं.

२. माल आणताना

दुकानात "या गाडीच्या रिंगा द्या" एवढंच सांगू नका. पिस्टनचा ब्रँड, बोरची साइज आणि इंजिनचं मॉडेल सांगा. एकाच ट्रकच्या नावाखाली टर्बोचं आणि बिनटर्बोचं इंजिन येतं आणि दोघांच्या रिंगा वेगळ्या असू शकतात. बऱ्याच टर्बो इंजिनांत वरची रिंग पाचरीच्या आकाराची असते, तिचा ग्रूव्हही (पिस्टनवरची रिंगेची खाच) तसाच उताराचा असतो. साधी चपटी रिंग त्यात नीट बसत नाही.

ओव्हरसाइज साधारण १०, २०, ३०, ४० थाऊ अशी मिळते. बोर स्टँडर्ड असेल तर रिंग स्टँडर्डच. "दहा थाऊची घ्या, घासून बसवू" असं कोणी म्हटलं तर उठून या. दहा थाऊने मोठ्या रिंगेचा घेर सुमारे ०.८ मिमी जास्त असतो. टोकं घासून ती आत जाईल, पण तिची गोलाई त्या बोरची नसेल आणि कडेने गॅस निसटत राहील. माझ्या इंजिनात हेच झालं होतं, वरून गॅपही कमी पडला होता.

सेट एकाच कंपनीचा, एकाच डबीतला घ्या. एखादी रिंग तुटली तर तशीच एक रिंग मागवा आणि तीही मोजूनच बसवा.

३. बोर मापणं

गॅप रिंगेपेक्षा बोरवर जास्त अवलंबून असतो. बोरचा व्यास जेवढा वाढेल, त्याच्या ३.१४ पट गॅप वाढतो. लायनर वरच्या बाजूला फक्त ०.१० मिमी झिजला असेल तर तिथे तोच गॅप ०.३१ मिमीने मोठा दिसेल, म्हणजे पूर्ण १२ थाऊ.

म्हणून बोर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मापा. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. वर-खाली फरक आला तर टेपर, आडव्या-उभ्यात फरक आला तर अंडाकृती. मॅन्युअलची हद्द ओलांडली असेल तर नवीन रिंग टाकून काही साधत नाही, लायनर बदला किंवा बोर करून घ्या. कमिन्सच्या बी सिरीजच्या ५.९ लिटर इंजिनाला मुळात लायनर नसतो. बोर १०२ मिमीचा आणि थेट ब्लॉकातच असतो, तिथे बोरिंगशिवाय गत नाही.

सुका लायनर (ज्याला बाहेरून पाणी लागत नाही) दाबून बसवायचा असेल तर तो ब्लॉकात बसल्यावरच गॅप मोजा. दाबाने लायनर आतून किंचित आवळतो. बाकावर ठेवून बरोबर आलेला गॅप ब्लॉकात गेल्यावर कमी भरतो.

४. होनिंग आणि धुणं

होनिंग (बोर आतून दगडाने घासणं) झालं की बोरमध्ये एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसल्या पाहिजेत. त्या रेषांत तेल टिकतं. नुसता पॉलिश पेपर मारून चमकवलेल्या लायनरवर रिंगा बसत नाहीत.

मग धुणं. इथे सगळे कंटाळतात. डिझेलने धुतलं की होनिंगची बारीक कुरुंद रेषांत तशीच राहते. कोमट पाणी, कपडे धुवायची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घ्या. घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, लगेच इंजिन ऑइल लावा आणि पांढऱ्या कापडाने पुसा. कापड करडं निघालं तर परत धुवा. पांढरं निघेपर्यंत करा. मला बहुधा तीन वेळा धुवावं लागतं.

आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगजवळ कापसाचा तंतू हवेत असतोच. धुतलेला ब्लॉक उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, धुतलेली चादर टाका.

५. रिंग बोरमध्ये सरळ बसवणं

इथून पुढे घाई करू नका.

गॅप पिस्टनवर मोजायचा नसतो, बोरमध्ये मोजायचा असतो. मी पहिल्यांदा रिंग पिस्टनवर चढवून टोकांत पातं घालत होतो. मिस्त्री बाजूला बिडी विझवून आले, रिंग काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "डबीवर अन् पिस्टनवर काहून भरोसा ठेवतं बाप्पा? बोर काय म्हनते ते पाह्य."

रिंगांचा पहिला संच पहिल्या बोरचा, दुसरा दुसऱ्याचा, असं वहीत ठरवून घ्या आणि डब्यांवर मार्करने आकडे टाका. एकदा मोजलेली रिंग त्याच बोरला जाणार.

रिंग हाताने थोडी आवळून बोरच्या तोंडाशी आडवी सोडा. मग रिंगा नसलेला पिस्टन उलटा धरून, डोकं खाली करून, तिला हळू आत ढकला. पिस्टनच्या सपाट डोक्याने रिंग सगळीकडून सारखी खाली जाते. बोटाने ढकललेली रिंग तिरपी बसते आणि तिरप्या रिंगेचं माप खोटं. लायनरच्या कडेपासून रिंगेपर्यंत चार ठिकाणी व्हर्निअरने खोली बघा, सारखी आली पाहिजे.

किती खोल ढकलायची? नवीन किंवा ताज्या बोर केलेल्या लायनरमध्ये वरून २५-३० मिमी पुरे. जुना, हद्दीतला लायनर ठेवणार असाल तर रिंग जिथवर खाली जाते त्या खालच्या टोकाशी मोजा. तिथे झीज सगळ्यात कमी, म्हणजे बोर सगळ्यात लहान. वर गॅप छान दिसतो आणि खाली येता येता टोकं भिडतात, हा फसवा प्रकार आहे.

आता बल्ब बोरमध्ये खालून सोडा, शेडमधला दिवा बंद करा आणि वरून बघा. उजेड फक्त गॅपमधून आला पाहिजे. रिंग आणि लायनरच्या मध्ये कुठे चंद्रकोरीसारखी उजेडाची रेघ दिसली तर एकतर रिंग वाकलेली आहे, नाहीतर बोर गोल नाही. ती रिंग फिरवून बघा. रेघ रिंगेबरोबर फिरली तर दोष रिंगेचा, जागीच राहिली तर बोरचा. त्या अंधारात बोरमध्ये वाकून बसलेला मिस्त्री मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एक डोळा मिटलेला आणि बोटाने रिंग कणाकणाने फिरवतोय.

६. फिलर गेज लावणं

पातं पुसून घ्या. गॅपमध्ये सरळ, रिंगेच्या सपाटीला काटकोनात घाला. जे पातं किंचित अडत, लोण्यातून सुरी ओढल्यासारखं सरकतं, ते तुमचं माप. त्याच्या पुढचं पातं जाता कामा नये. जोर लावून घातलं तर रिंग उघडते आणि माप वाढलेलं दिसतं. प्रत्येक रिंग दोनदा मोजा, मध्ये तिला बाहेर काढून परत बसवून.

उन्हाळ्याची गोष्ट इथेच सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ब्लॉक शेडमध्ये आणि रिंगेची डबी बाहेर पत्र्यावर उन्हात, असं झालं तर रिंग ब्लॉकपेक्षा सहज २० अंशांनी गरम असते. ९७ मिमीच्या बोरला तेवढ्याने गॅप सुमारे ०.०७ मिमी, म्हणजे अडीच थाऊ कमी दिसतो. तुम्ही रिंग विनाकारण घासाल. रिंगा, पिस्टन, फिलर गेज आणि ब्लॉक रात्रभर एकाच सावलीत ठेवा आणि सकाळी सहा-सातला मोजा. उन्हाळ्यात मी गॅपचं काम नऊनंतर करत नाही.

७. आकडा ठरवणं

मॅन्युअलमध्ये तिन्ही रिंगांचा वेगळा आकडा असतो आणि तोच शेवटचा शब्द. मॅन्युअल हाताशी नसेपर्यंत अंदाज यावा म्हणून एक जुना हिशोब आहे. बोरच्या दर १०० मिमीला ०.३० ते ०.४० मिमी. ९७ मिमीच्या बोरला तो साधारण ०.२९ ते ०.३९ येतो. टर्बो इंजिनात वरची रिंग जास्त तापते, तिथे मॅन्युअल याहून जास्त गॅप मागू शकतं. या हिशोबाचा उपयोग एवढाच की फिलर गेजने ०.१० किंवा १.२० दाखवलं तर काहीतरी गडबड आहे हे तुम्हाला कळावं. त्यावर इंजिन बांधू नका.

"तिन्हीला सारखाच गॅप" हा गैरसमज आहे. काही इंजिनांत दुसऱ्या रिंगेचा गॅप वरच्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. वरून निसटलेला गॅस दोन रिंगांच्या मध्ये अडकला तर तो वरच्या रिंगेला खालून उचलतो. दुसरीचा गॅप मोठा असला की त्याला खाली वाट मिळते. अशा इंजिनात दुसरीचा मोठा गॅप बघून "रिंग खराब आहे" म्हणत दुकानात भांडायला जाऊ नका.

मोजल्यावर तीनच शक्यता:
- गॅप हद्दीत आहे. रिंगेला हात लावू नका. आजकाल बहुतेक सेट तयार गॅपचेच येतात.
- गॅप कमी आहे. आधी साइज आणि बोर परत तपासा, मगच घासा.
- गॅप हद्दीपेक्षा जास्त आहे. रिंग चुकीची आहे किंवा बोर मोठा आहे. टोकं जोडता येत नाहीत, ती रिंग परत करा.

८. रिंग घासणं

मशीन असेल तर उत्तम. नसेल तर बारीक सपाट कानस व्हाइसमध्ये उभी, पक्की आवळा. कानस हलता कामा नये, रिंग हलली पाहिजे.

रिंगेचं एकच टोक घासायचं. दुसरं टोक कारखान्याचं सरळ असतं, त्याच्याशी ताडून तुम्हाला घासलेलं टोक सरळ आहे का ते कळतं. टोक कानशीला सपाट टेकवा आणि ओढ अशी द्या की कानस रिंगेच्या बाहेरच्या अंगाकडून आतल्या अंगाकडे कापेल. फक्त एकाच दिशेने. बाहेरच्या अंगावर क्रोमचा किंवा तसाच कडक थर असतो. आतून बाहेर ओढलंत तर त्याची कपची उडते आणि तीच कपची पुढे लायनरवर उभी रेघ मारते. मागे-पुढे, मागे-पुढे करवतीसारखं तर कधीच नाही.

चार-पाच हात मारा, रिंग पुसा, बोरमध्ये पिस्टनने सरळ बसवा, मोजा. परत चार-पाच हात. कंटाळवाणं आहे, पण घासलेलं परत येत नाही. हवा तो आकडा दोन थाऊवर आला की दोनच हात मारा.

रिंग व्हाइसमध्ये धरू नका, मोडते. नायट्राइड केलेल्या स्टीलच्या रिंगेवर साधी कानस नुसती घसरते, तिथे डायमंड कानस किंवा मशीनच लागतं. जोर वाढवून काम होत नाही, टोक मात्र गोल होतं.

माप आलं की रिंग हलकेच आवळून उजेडासमोर धरा. दोन टोकांतली फट आतून बाहेरपर्यंत सारखी दिसली पाहिजे. मग टोकाच्या धारेवरून ऑइल स्टोन अगदी एकदा, हलका फिरवा, म्हणजे उभी राहिलेली कड जाईल. क्रोमच्या बाजूला स्टोन लावू नका. रिंग धुवा, वाळवा, शेवटचं माप घ्या आणि वहीत लिहा.

९. ग्रूव्ह

पिस्टन जुनाच असेल तर ग्रूव्हमधलं कार्बन काढा. रिंगेचा तुटका तुकडा घेऊन खरवडायची रीत आहे, चपट्या ग्रूव्हमध्ये ती चालते, फक्त ॲल्युमिनियम कोरलं जाऊ देऊ नका. पाचरीच्या ग्रूव्हमध्ये चपटा तुकडा घालू नका. तळाची तेल परत जाणारी भोकं उघडी आहेत ना, ते सुईने बघा. रिंग ग्रूव्हमध्ये ठेवून वरून पातं घाला. हा बाजूचा गॅप मॅन्युअलपेक्षा जास्त असेल तर पिस्टन गेला. टोकांचा गॅप कितीही नीट लावला तरी अशा पिस्टनमध्ये रिंग फडफडेल.

१०. रिंगा चढवणं

खालून वर या. आधी ऑइल रिंग, मग दुसरी, शेवटी वरची. ऑइल रिंगेच्या आत स्प्रिंग असेल तर स्प्रिंगचा जोड रिंगेच्या गॅपच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवा. एक्स्पांडर वापरा. रिंग हाताने पिळून, स्क्रूसारखी फिरवत चढवली तर ती वाकडी होते आणि बल्बखाली केलेली सगळी तपासणी वाया जाते.

रिंगेवर "टॉप" किंवा ठिपक्याची खूण असते, ती वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर नेते. माझ्याकडे दूरच्या गावाहून एक गाडी आली होती. नवीन इंजिन आणि लिटरच्या लिटर तेल खात होती. सगळे गॅप बरोबर होते, सहाच्या सहा दुसऱ्या रिंगा उलट्या होत्या.

तिन्ही गॅप एका रेषेत नकोत. साधारण १२० अंशांवर वाटून द्या, पिस्टनच्या पिनच्या रेषेवर किंवा पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला कुठलाच नको. मॅन्युअलमध्ये चित्र असेल तर तेच पाळा.

११. पिस्टन आत घालणं

पिस्टन, रिंगा आणि बोरला भरपूर स्वच्छ इंजिन ऑइल लावा. कॉम्प्रेसर आवळा, त्याची खालची कड ब्लॉकला सगळीकडून टेकली आहे ना बघा. पिस्टनवरचा बाण मॅन्युअलच्या दिशेला. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टना रबराची नळी घाला, म्हणजे क्रँकवर ओरखडा पडणार नाही. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने हळू टोका. मध्येच अडलं तर थांबा. एखादी रिंग कॉम्प्रेसर आणि ब्लॉकच्या मधून बाहेर डोकावली आहे. एक ठोका जास्त पडला की ती तुटलीच. पिस्टन बाहेर काढा आणि पहिल्यापासून सुरू करा.

रॉडच्या कॅप आपापल्या नंबरला, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. प्रत्येक पिस्टन बसल्यावर क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा. एखाद्या सिलिंडरला अचानक जड झालं तर पुढचा पिस्टन घालण्याआधी कारण शोधा.

१२. पहिलं स्टार्ट आणि पहिले दिवस

हवेचा रस्ता आधी बघा. एअर फिल्टर, त्याचे पाइप, क्लॅम्प. आपल्या भागात रिंगा वेळेआधी जातात त्या बहुतेक धुळीनेच. शंभर रुपयांचा फाटलेला पाइप सगळं काम मातीत घालतो.

डिझेल बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा, मध्ये मध्ये थांबत. चालू झाल्यावर तासन्तास आयडलवर ठेवून "इंजिन मोकळं करत" बसू नका. ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. बिनलोडवर रिंगांच्या मागे गॅसचा दाब पुरेसा येत नाही, त्या लायनरशी नीट घासून बसत नाहीत आणि लायनरवर तेलाची चमकदार साय धरते. गळती, दाब आणि पाणी बघून झालं की गाडी रस्त्यावर काढा. मध्यम माल, मध्यम वेग, एकाच वेगावर खूप वेळ नाही. वणीच्या कोळशाची पूर्ण भरती पहिल्याच फेरीला नको.

सुरुवातीला थोडा धूर आणि ऑइल कॅपमधून थोडी वाफ येईल. रिंगा बसत गेल्या की कमी होत जाते. वाढत गेली तर गाडी थांबवा आणि वहीतल्या आकड्यांकडे परत या. पहिलं तेल आणि फिल्टर मॅन्युअल सांगतं त्या टप्प्यावर, नेहमीच्यापेक्षा लवकर बदला. निघालेलं तेल उन्हात पांढऱ्या थाळीत ओतून बघा. बारीक करडी झाक असेल तर ठीक. बोटाला टोचणारी कपची लागली तर तेलाचं चेंबर उघडा.

अठरा आकड्यांचं वहीतलं पान फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि मूळ पान बिलांसोबत आरसीच्या पिशवीत. पुढच्या वेळी इंजिन कोणीही खोललं तरी मागच्या वेळी काय लावलं होतं ते त्याला विचारावं लागणार नाही.